अपील विरोधात गेलं: फेरसुनावणीची मुदत कशी मोजायची, आणि हुकली तर काय करायचं

दिवाणी अपिलाचा निकाल विरोधात गेला तर त्याच कोर्टाकडे परत जाण्याचे मुख्य रस्ते तीन आहेत, आणि तिन्हींची मुदत तीसच दिवसांची आहे. एवढं कळलं की लोक निश्चिंत होतात. पण तीस दिवस कोणत्या तारखेपासून धरायचे, त्यातून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात का, आणि मुदत उलटल्यावर कोर्टाला नेमकं काय पटवायचं, या तिन्ही बाबतींत हे रस्ते एकमेकांपासून फुटतात. खरी गडबड तिथे होते.

इथे महाराष्ट्र आणि गोव्यातली दिवाणी अपिलं डोळ्यांसमोर ठेवली आहेत: जिल्हा न्यायालयातलं नियमित दिवाणी अपील, किंवा मुंबई उच्च न्यायालयातलं पहिलं वा दुसरं अपील, मग ते मुंबईत असो, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा खंडपीठात असो की ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे. सगळीकडे कायदे दोनच बघायचे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ अर्ज कोणता करायचा ते सांगते आणि मुदतीचा कायदा १९६३ किती दिवसांत करायचा ते सांगतो.

आधी बघा, अपील गेलं कसं

पहिलं काम म्हणजे शेवटच्या तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची कोर्टातली नोंद, आणि आदेश मिळवणं. 'अपील डिसमिस झालं' या तोंडी निरोपावर काहीही ठरवू नका. डिसमिस कशामुळे झालं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

अपीलदार आणि त्याचे वकील तारखेला हजर नव्हते म्हणून अपील काढून टाकलं असेल तर तो गैरहजेरीतला आदेश. कोर्टात त्याला सरसकट 'डीफॉल्ट' म्हणतात. यावर संहितेच्या आदेश ४१ नियम १९ खाली अपील पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज करायचा. बोलीभाषेत हा 'रिस्टोरेशन'चा अर्ज.

उलट बाजूने, उत्तरवादी गैरहजर राहिला आणि अपील एकतर्फी ऐकून त्याच्याविरुद्ध हुकूमनामा (डिक्री) झाला, तर उत्तरवादीने आदेश ४१ नियम २१ खाली फेरसुनावणी मागायची. शब्दशः 'अपील पुन्हा ऐका' म्हणणारी तरतूद हीच. नोटीस नीट बजावलीच गेली नव्हती, किंवा बजावली पण हजर राहता येणार नाही असं पुरेसं कारण होतं, यातलं एक दाखवावं लागतं.

तिसरी परिस्थिती म्हणजे दोन्ही बाजू ऐकून गुणदोषांवर निकाल झाला, पण निकालात ढळढळीत चूक राहिली. इथे संहितेच्या कलम ११४ आणि आदेश ४७ खाली पुनर्विलोकन, म्हणजेच रिव्ह्यू.

या तिघांच्या बाहेरचा एक प्रकार लोक विसरतात. निकाल बरोबर आहे, फक्त हुकूमनाम्यात गट क्रमांक २४१ ऐवजी १२४ छापला गेला, किंवा बेरीज चुकली. त्यासाठी रिव्ह्यू करून तीस दिवसांच्या मागे धावण्याची गरज नाही. संहितेच्या कलम १५२ खाली लेखनातली किंवा हिशेबातली चूक कोर्ट कधीही दुरुस्त करू शकतं. मुंबई उच्च न्यायालयात अशा किरकोळ दुरुस्त्यांसाठी 'स्पीकिंग टू द मिनिट्स' नावाची जुनी पद्धत आहे. मात्र त्या पद्धतीच्या आडून आदेशाचा आशयच बदलून घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट मनाई केली आहे, आणि तेही मुंबईतल्याच एका प्रकरणात.

कधीकधी अपीलदार गैरहजर असतो आणि तरी कोर्ट कागद वाचून गुणदोषांवर अपील फेटाळतं. आदेश ४१ नियम १७च्या स्पष्टीकरणानुसार तसं करता येत नाही. गैरहजेरीत फक्त गैरहजेरीपुरतंच काढता येतं. असा आदेश हातात पडला तर घाईने रिस्टोरेशनचा अर्ज न टाकता आधी वकिलांशी बोला. पुष्कळदा वरच्या कोर्टात जाणं जास्त सोयीचं पडतं.

तीस दिवस, पण कोणत्या तारखेपासून

मुदतीच्या कायद्याच्या परिशिष्टात लागोपाठ तीन अनुच्छेद आहेत: १२२, १२३ आणि १२४. तिन्हींसमोर तीस दिवस लिहिलंय. शेवटचा रकाना मात्र वेगळा आहे, आणि सगळा घोळ त्या रकान्यात आहे.

गैरहजेरीत काढलेल्या अपिलासाठी अनुच्छेद १२२. इथे घड्याळ सुरू होतं ते अपील काढलं त्या दिवशी. तुम्हाला कधी कळलं याला इथे जागा नाही. वकिलांनी सहा महिने कळवलं नाही तरी मुदत केव्हाच संपलेली असते. 'मला काल समजलं, मग आजपासून तीस दिवस' हा हिशेब या अर्जात चुकीचा आहे. उशिरा कळणं हे विलंब माफीचं कारण होऊ शकतं, मुदतीची सुरुवात होऊ शकत नाही.

एकतर्फी निकालाविरुद्ध उत्तरवादीच्या अर्जाला अनुच्छेद १२३. इथेही साधारण नियम हुकूमनाम्याच्या तारखेचाच. पण नोटीस रीतसर बजावलेली नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती ज्या दिवशी झाली त्या दिवसापासून तीस दिवस. शिवाय या अनुच्छेदाखाली एक स्पष्टीकरण आहे: आदेश ५ नियम २० खालची पर्यायी बजावणी, म्हणजे उदाहरणार्थ वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, ही इथे रीतसर बजावणी धरली जात नाही. गावच्या बंद घराच्या पत्त्यावर अपील चाललं आणि माणूस ठाण्यात किंवा दुबईत, अशा प्रकरणांत हे एक वाक्य अख्खं अपील वाचवू शकतं. तेव्हा माहिती नेमकी कधी आणि कशी झाली याचा कागद जपून ठेवा: तलाठ्याकडून मिळालेली फेरफाराची नोटीस, दरखास्तीतलं (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जातलं) बेलिफाचं येणं, ई-कोर्ट्सवरून काढलेला प्रिंट. नुसतं 'नंतर समजलं' असं मोघम लिहिलं की उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसतो.

पुनर्विलोकनाला अनुच्छेद १२४. हुकूमनाम्याच्या किंवा आदेशाच्या तारखेपासून तीस दिवस. खुल्या कोर्टात निकाल जाहीर झाला ती तारीख धरायची. निकाल संकेतस्थळावर चढायला लागलेले दिवस आपोआप मिळत नाहीत.

नकलेचे दिवस

मुदत मोजताना पहिला दिवस, म्हणजे निकालाचा दिवस, सोडून द्यायचा. हे मुदतीच्या कायद्याच्या कलम १२ने सगळ्या अर्जांना दिलं आहे. पण नक्कल मिळायला लागलेला वेळ वजा करण्याची सवलत त्याच कलमाने अपील, अपिलाची परवानगी, फेरतपासणी (रिव्हिजन) आणि पुनर्विलोकन यांनाच दिली आहे. रिस्टोरेशन किंवा एकतर्फी अपिलाची फेरसुनावणी त्या यादीत नाही. म्हणून गैरहजेरीतल्या आदेशाची नक्कल येईपर्यंत थांबणं हा शुद्ध तोटा आहे. अर्ज आधी टाका, नक्कल मागून जोडा.

रिव्ह्यूचा हिशेब उदाहरणाने बघू. समजा जिल्हा न्यायालयाने ५ जानेवारी २०२६ला, सोमवारी, अपील फेटाळलं. ५ तारीख सोडली, ६ तारीख पहिला दिवस, तर तिसावा दिवस ४ फेब्रुवारी. आता पक्षकाराने नकलेचा अर्ज ९ जानेवारीला केला आणि नक्कल २३ जानेवारीला तयार झाली. ९ ते २३, दोन्ही टोकं धरून, १५ दिवस. ते ४ फेब्रुवारीच्या पुढे जोडले की १९ फेब्रुवारी येते. त्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी. त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं की मुदतीचा शेवटचा दिवस कोर्ट बंद असलेल्या दिवशी आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अर्ज दाखल करता येतो. म्हणजे २० फेब्रुवारी, शुक्रवार. त्या दिवशी केलेला अर्ज मुदतीत.

या हिशेबात तीन ठिकाणी माणसं दिवस गमावतात. नकलेचा अर्ज उशिरा करणं हे पहिलं. ५ ते ८ जानेवारीचे दिवस कुणी परत देत नाही, आणि कोर्टाला हुकूमनामा तयार करायला लागलेला वेळही, तुमचा नकलेचा अर्ज पडण्याआधीचा असेल तर, वजा होत नाही. दुसरं, नक्कल तयार असून न उचलणं. सही-शिक्क्याच्या नकलेच्या शेवटच्या पानावर अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख असते. वजावट तयार होण्यापर्यंतच. २३ला तयार झालेली नक्कल ६ फेब्रुवारीला उचलली तर मधले दिवस तुमच्या खिशातून गेले. नकलेची फी भरायला सांगूनही उशीर केला तर तोही तुमच्याच नावावर. तिसरं, सुट्टीवर विसंबणं. आजकाल कोर्टाच्या सुट्टीतही कार्यालय आणि ई-फायलिंग चालू असू शकतं, आणि मग 'कोर्ट बंद होतं' हे म्हणणं लटकं पडतं. कलम ४ हा शेवटचा आधार असावा, बेत नसावा.

मुदतवाढ आणि विलंब माफी एक नव्हेत

आपल्याकडे कायद्याने ठरवलेली मुदत आगाऊ वाढवून मागता येत नाही. 'अजून पंधरा दिवस द्या' असा अर्ज मुदत संपण्याआधी करून रिव्ह्यूचे तीस दिवस पंचेचाळीस होत नाहीत. अमेरिकेतल्या फेडरल अपील कोर्टांत फेरसुनावणीचा अर्ज निकालापासून १४ दिवसांत करायचा असतो, दिवाणी प्रकरणात तिथलं केंद्र सरकार पक्षकार असेल तर ४५ दिवसांत, आणि कोर्टाला विनंती करून ती मुदत वाढवून घेता येते. तिकडे असलेली मुलं इथल्या वडिलोपार्जित जमिनीच्या अपिलात 'एक्स्टेन्शन मागून ठेवा' असं फोनवर सुचवतात ते त्या सवयीने. इथे तसं दार नाही. इथे मुदत उलटल्यावर, अर्जासोबत, मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफ करायला सांगायचं असतं. द्यायची की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर. मुदत उलटली असेल तर समोरच्याने हरकत घेतली नाही तरी त्याच कायद्याच्या कलम ३प्रमाणे कोर्टाला अर्ज फेटाळावाच लागतो.

मुदतवाढ म्हणून जी खरोखर मिळते ती कोर्टाने स्वतः दिलेल्या मुदतीची. खर्चाची रक्कम चार आठवड्यांत भरा, कार्यालयीन आक्षेप दूर करा, कमी पडलेली कोर्ट फी भरा, पेपर बुक (अपिलाच्या कागदपत्रांचा संच) दाखल करा, न केल्यास अपील आपोआप फेटाळलं जाईल, असे आदेश रोज होतात. या मुदतीला दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८ लागू पडतं. कलमात वाढीची मर्यादा एकूण तीस दिवसांची लिहिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५च्या सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन प्रकरणात मात्र सांगितलं की पक्षकाराच्या हाताबाहेरच्या कारणाने पालन झालं नसेल तर कोर्ट आपल्या अंगभूत अधिकारात त्यापुढेही जाऊ शकतं. 'आपोआप फेटाळलं जाईल' ही ओळ वाचून हातपाय गाळू नका. १९६१च्या महंत रामदास प्रकरणात कोर्ट फी भरायची मुदत टळल्यावर अपील असंच आपोआप निघालं होतं, आणि तरीही मुदत वाढवायला कोर्ट असमर्थ नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. शहाणपण यातच की असा अर्ज कोर्टाची तारीख उलटण्याआधी पडावा. आधी मागणाऱ्याला मिळणारी वागणूक आणि नंतर धावत येणाऱ्याला मिळणारी वागणूक यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

विलंब माफीचा अर्ज कसा लिहावा

आपल्या कोर्टांत दाखल होणारे बरेच विलंब माफीचे अर्ज एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात: अर्जदार गरीब, अशिक्षित आहे, त्याला कायद्याचं ज्ञान नाही, विलंब हेतुपुरस्सर नाही, माफ न केल्यास अपरिमित नुकसान होईल. यात एकही तारीख नसते. न्यायाधीशाला हवं असतं ते दिवसांचं विवरण, आणि ते सोडून सगळं असतं.

गैरहजेरीत निघालेल्या अपिलात कारणं दोन सांगावी लागतात, आणि ती वेगवेगळी आहेत. त्या तारखेला हजर का नव्हतात, हे नियम १९चं कारण. त्यानंतर तीस दिवसांत अर्ज का केला नाही, हे कलम ५चं कारण. पहिलं भक्कम आणि दुसरं कोरं असेल तर अर्ज पडतो. म्हणून प्रतिज्ञापत्रात दोन्हींचे परिच्छेद वेगळे ठेवा, आणि विनंतीतही दोन्ही वेगळ्या मागा: आधी विलंब माफ करावा, मग अपील पूर्ववत करावं.

मजकूर रोजनिशीसारखा असू दे. समजा वरच्याच तारखेला, ५ जानेवारी २०२६ला, अपील गैरहजेरीत निघालं आणि अर्ज १६ मार्चला पडला. मुदत ४ फेब्रुवारीला संपली, म्हणजे विलंब ४० दिवसांचा. हा आकडा अर्जाच्या शीर्षकातच अचूक लिहा. तो चुकला की आक्षेप निघतो. मग असं लिहिता येईल:

"अर्जदार २ जानेवारी ते २४ जानेवारी खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होता, डिस्चार्ज कार्ड निशाणी अ. त्यानंतर २० फेब्रुवारीपर्यंत डॉक्टरांनी हालचाल न करण्यास सांगितले होते; प्रमाणपत्र निशाणी ब. २३ फेब्रुवारी रोजी अर्जदार पुढील तारीख विचारण्यासाठी वकिलांच्या कार्यालयात गेला, तेव्हा अपील काढून टाकल्याचे प्रथम समजले. २४ फेब्रुवारी रोजी रोजनाम्याच्या नकलेसाठी अर्ज केला, ती ४ मार्च रोजी मिळाली. ९ मार्च रोजी पूर्वीच्या वकिलांची ना-हरकत घेऊन नवीन वकीलपत्र दिले. १३ मार्च रोजी प्रतिज्ञापत्र केले व १६ मार्च रोजी हा अर्ज दाखल केला."

कारण साधं आहे, पण एकही आठवडा मोकळा नाही. विवरण ५ फेब्रुवारीपासून न सुरू करता निकालाच्या तारखेपासून करा. मुदतीतल्या तीस दिवसांत हातपाय हलवले होते की नव्हते, हा प्रश्न कोर्ट विचारतंच.

कागद नसलेली कारणं टाळलेली बरी. पावसाळ्यात रस्ता बंद होता म्हणायचं तर त्या दिवसाची बातमी किंवा ग्रामपंचायतीचा दाखला हवा. वैद्यकीय प्रमाणपत्र 'ताप व अशक्तपणा, दोन महिने विश्रांती' अशा धर्तीचं असेल तर जोडून उपयोगापेक्षा अपाय जास्त. घरातला मृत्यू, पूर, अटक, वकिलाचं निधन किंवा सनद सोडणं, यांचे दाखले सहज मिळतात, ते जोडा. परदेशी असाल तर पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटं. तिथून करायचं प्रतिज्ञापत्र भारतीय वकिलातीत करता येतं. कुलमुखत्यार इथून करणार असेल तर त्याला स्वतःला माहीत असलेलं कोणतं आणि तुमच्याकडून कळलेलं कोणतं, हे त्याने वेगळं सांगावं.

वकिलाची चूक हे कारण चालतं का? चालतं, पण पुराव्यासकट. १९८१च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात अपील वकिलाच्या गैरहजेरीमुळे निघालं होतं. वकील नेमून, फी देऊन, त्याच्यावर भरवसा टाकलेल्या खेड्यातल्या पक्षकाराला वकिलाच्या चुकीची शिक्षा नको, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने अपील पूर्ववत केलं. हा निकाल आजही रोज दाखवला जातो. पण तो दाखवणाऱ्याने आपण मधल्या काळात काय केलं तेही दाखवावं: फोन, मेसेज, भेटी, फीच्या पावत्या. तीन-चार वर्षं वकिलाला एकदाही न विचारलेला पक्षकार शहरात राहणारा, शिकलेला असेल तर 'रफिक' त्याला वाचवत नाही. ई-कोर्ट्स ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते, हे आता न्यायाधीशांनाही माहीत आहे.

किती दिवसांचा विलंब माफ होतो, याला आकडा नाही. १९८७च्या कलेक्टर विरुद्ध कतिजी प्रकरणात विलंब अवघा चार दिवसांचा होता, आणि तिथे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक दिवसाचा खुलासा मागताना कोर्टाने काथ्याकूट करू नये; मग प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा खुलासा का नको, असं विचारता येईल. १९९८च्या एन. बालकृष्णन प्रकरणात ८८३ दिवस माफ झाले. तिथे विलंबाची लांबी नव्हे, खुलाशाची सच्चाई बघायची हे सूत्र आलं. पुढे वारं फिरलं. २०१२च्या पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया प्रकरणात सरकारी खात्याचे ४२७ दिवस माफ झाले नाहीत. फाइल टेबलावरून टेबलावर फिरत होती हा खुलासा पुरेसा नाही, असं ठणकावलं गेलं. २०२४च्या पथपती सुब्बा रेड्डी प्रकरणात ५६५९ दिवस नाकारले गेले, आणि पुरेसं कारण नसताना केवळ सहानुभूतीने किंवा अपिलात दम आहे म्हणून विलंब माफ करता येणार नाही हे पुन्हा सांगितलं गेलं. नुसतं 'कतिजी'वर भिस्त ठेवून येणाऱ्या अर्जांचे दिवस सरलेत, असं माझं मत आहे. तारखांचा कागद भरा, मग निवाडे जोडा.

माफी मिळते तेव्हा बहुधा खर्चाच्या अटीवर मिळते. तो खर्च सांगितलेल्या दिवशी भरा. खर्च भरायला विसरून दुसऱ्यांदा गैरहजेरीत गेलेल्या अपिलाकडे कोर्ट फारसं प्रेमाने बघत नाही.

रिव्ह्यू करण्याआधी

रिव्ह्यूची कारणं आदेश ४७ने मोजून दिली आहेत: योग्य काळजी घेऊनही आधी मिळू न शकलेला महत्त्वाचा नवा पुरावा, अभिलेखावर सकृद्दर्शनी दिसणारी चूक, किंवा यांच्याच जातीचं अन्य पुरेसं कारण. 'न्यायाधीशांनी पुरावा चुकीचा वाचला' हे अपिलाचं कारण आहे, रिव्ह्यूचं नव्हे. लांबलचक युक्तिवाद करून दाखवावी लागते ती चूक सकृद्दर्शनी नसतेच, हे १९६०च्या सत्यनारायण हेगडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं, आणि तेव्हापासून त्यात फरक पडलेला नाही. मग चालतं काय? निकालात मयत प्रतिवादीला हजर धरलं आहे, रद्द झालेलं कलम लावलं आहे, नोंदवलेला मुद्दा ठरवायचाच राहिला आहे, अशा गोष्टी. निकालानंतर वरच्या कोर्टाने दुसऱ्या कुणाच्या प्रकरणात कायदा बदलला, हे कारण नियमाच्या स्पष्टीकरणानेच बाद केलं आहे.

क्रमही महत्त्वाचा. वरच्या कोर्टात अपील केल्यावर रिव्ह्यू करता येत नाही. रिव्ह्यू आधी दाखल झाला आणि अपील नंतर, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत रिव्ह्यू ऐकता येतो. १९६४च्या तुंगभद्रा इंडस्ट्रीज प्रकरणाने हे स्पष्ट केलं. अर्ज शक्यतो त्याच न्यायाधीशांपुढे जातो. ते त्या कोर्टात असतील आणि अर्जानंतर सहा महिने अनुपस्थित राहणार नसतील, तर दुसऱ्या कुणी ऐकायचा नाही. म्हणून न्यायाधीशांच्या बदल्या जवळ आल्या असतील तर तीस दिवसांतले शेवटचे दहा दिवस वाट बघू नका. आणि एकदा रिव्ह्यू निकाली निघाला की त्या आदेशाचा पुन्हा रिव्ह्यू नाही.

तिन्ही प्रकारच्या अर्जांबद्दल एक गोष्ट सारखी: अर्ज दाखल झाला म्हणजे स्थगिती मिळाली असं नाही. समोरच्याने दरखास्त लावली असेल, बेलिफ ताब्यासाठी येणार असेल, तर स्थगितीचा वेगळा अर्ज त्याच दिवशी टाका आणि तातडीने बोर्डावर घ्यायला सांगा. कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय आदेश करू नका' असा समोरच्याचा आगाऊ अर्ज, पडलं आहे का तेही बघा. पडलं असेल तर समोरच्याला प्रत दिल्याशिवाय पुढे सरकता येणार नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतल्या व्यक्ती आणि इतर काही घटकांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे. तिथल्या अर्जाची पोच सांभाळा. विलंबाच्या विवरणात ती एक भक्कम तारीख ठरते.

इतर ठिकाणी

सर्वोच्च न्यायालयात रिव्ह्यूची मुदत २०१३च्या नियमांनुसार निकालापासून तीस दिवस. तो सहसा न्यायमूर्तींच्या दालनात कागदांवरच निकाली निघतो, तोंडी युक्तिवाद होत नाही. फाशीच्या प्रकरणांत मात्र २०१४पासून खुल्या कोर्टात थोडा वेळ सुनावणी मिळते. त्यानंतर उरते ती क्युरेटिव्ह याचिका, आणि तिच्यासाठी ज्येष्ठ वकिलाचं प्रमाणपत्र लागतं.

ग्राहक आयोगांना २०१९च्या कायद्याने स्वतःच्या आदेशातली ढळढळीत चूक दुरुस्त करण्यापुरता रिव्ह्यूचा अधिकार दिला आहे, तीस दिवसांत. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात तीस दिवस आदेशाची प्रत मिळाल्यापासून मोजतात. महसुली अपिलांना जमीन महसूल संहितेचं कलम २५८ आहे, त्याच्या अटी आणि मुदत निराळी. दिवाणीचा हिशेब तिथे लावू नका. फौजदारी अपिलात मात्र निकालावर सही झाली की लेखनदोषाशिवाय काही बदलता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६२, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४०३. त्याचबरोबर फौजदारी अपील केवळ वकील आले नाहीत म्हणून काढूनही टाकता येत नाही, हे १९९६च्या बानी सिंग प्रकरणाने ठरवलं आहे.

अर्जच फेटाळला तर

जिल्हा न्यायालयाने रिस्टोरेशन किंवा एकतर्फी अपिलाची फेरसुनावणी नाकारली तर त्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील आहे, आदेश ४३ नियम १ (टी) खाली, मुदत ९० दिवस. कोर्टात याला 'अपील फ्रॉम ऑर्डर' म्हणतात. इथे नकलेचे दिवस वजा होतात, कारण हे अपील आहे.

रिव्ह्यू फेटाळला तर त्या फेटाळणीवर अपील नाही. जावं लागतं ते मूळ निकालाविरुद्ध, आणि त्याची मुदत मूळ निकालापासूनच चाललेली असते. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करायला ९० दिवस असतात. रिव्ह्यू चार महिने पडून राहिला आणि मग फेटाळला गेला, तर हे ९० दिवस केव्हाच संपलेले असतात. २०१२च्या डीएसआर स्टील प्रकरणानुसार रिव्ह्यू फेटाळल्यावर मूळ निकालाची तारीख पुढे सरकत नाही. प्रामाणिकपणे रिव्ह्यूत घालवलेला वेळ फार तर विलंब माफ करताना विचारात घेता येतो. म्हणून रिव्ह्यू दाखल करता त्याच दिवशी वहीत दुसरी तारीखही लिहा: मूळ निकालापासूनचा नव्वदावा दिवस. तोपर्यंत रिव्ह्यू लागला नाही तर वरच्या कोर्टाची याचिका तयार ठेवून वकिलांशी बसायचं, आणि याचिकेत रिव्ह्यूच्या आदेशासोबत मूळ निकालालाही आव्हान द्यायचं.